खजुराचा पाक, बियांची पूड आणि औषधी दावे : या चुका टाळा

खजुराचा पाक घरी करणारे आणि तो बाटलीत भरून विकू पाहणारे, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना मी गेली बारा वर्षे फळप्रक्रियेच्या वर्गांत शिकवते आहे आणि प्रत्येक तुकडीत त्याच चुका जवळजवळ त्याच क्रमाने होताना पाहते आहे. खजूर भिजवला, कुस्करला, गाळला आणि आटवला की काम संपले, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात या प्रत्येक पायरीवर फळातले काही पाण्यात उतरते आणि काही चोथ्यात मागे राहते. ते काय, हे ज्याने पाहिले नाही त्याचा पाक टिकत नाही, आणि टिकलाच तर त्या पाकात नसलेले गुण तो बाटलीच्या चिठ्ठीवर छापून मोकळा होतो.

तार पाहून पाक उतरवणे

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण ती अनुभवी हातांकडून होते. ज्या बाईने आयुष्यभर साखरेचा एकतारी-दोनतारी पाक बोटांवर पारखला आहे, तिला खजुराचा पाकही तसाच कळेल अशी खात्री असते. साताऱ्याकडच्या एका बचत गटाने एका एप्रिलमध्ये पाव लिटरच्या ६० बाटल्या भरल्या होत्या. पाक दिसायला सुंदर, गडद तांबूस, चमच्यावरून जाडसर ओघळणारा होता. नवव्या दिवशी मला फोन आला की झाकणे फुगली आहेत आणि दोन बाटल्यांची झाकणे रात्रीत उडाली आहेत. मी गेले तेव्हा खोलीभर आंबूस वास होता आणि बाटल्यांच्या गळ्याशी बारीक फेसाचे कडे धरले होते. एका बाटलीतला पाक गाळून, थंड करून ब्रिक्समापकाच्या, म्हणजे द्रावात विरघळलेली साखर शेकड्यात दाखवणाऱ्या उपकरणाच्या, काचेवर ठेवला, तर आकडा ५८ आला. तो ७२ च्या आसपास हवा होता. शिवाय आंबताना थोडी साखर संपलेली होती हे धरले, तरी बाटलीत भरताना तो ६० च्या फार पुढे गेला असेल असे मला वाटत नाही.

त्या बायकांनी काटकसर केली नव्हती की हयगय केली नव्हती. फसवले ते पेक्टिनने, म्हणजे फळाला चिकटपणा देणाऱ्या द्रव्याने. साखरेच्या पाकात घट्टपणा येतो तो फक्त साखरेमुळे, त्यामुळे तार हे साखरेचे माप ठरते. खजुराच्या रसात साखरेबरोबर पेक्टिन आणि इतर विरघळलेला चिकट तंतुभागही उतरतो. म्हणून तो पाक साखर पुरेशी दाट होण्याच्या खूप आधी जाड दिसतो, बोटांना चिकटतो आणि थोडीफार तारही दाखवतो. भर म्हणजे बहुतेक मऊ जातींमध्ये पिकताना उसाच्या साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ समप्रमाणात तयार झालेले असतात, आणि या मिश्रणाची वागणूक साध्या साखरेच्या पाकासारखी नसते. ६० ब्रिक्सच्या पाकात यीस्टला जगायला पुरेसे मोकळे पाणी असते. महाराष्ट्रातल्या एप्रिल-मे महिन्यांत त्याला आणखी काहीही लागत नाही.

तो सगळा माल टाकून द्यावा लागला. गटातल्या एकीने तो पुन्हा उकळून वाचवण्याचा आग्रह धरला होता, कारण कोणीतरी तिला तसे सांगितले होते. आंबलेला पाक उकळला की फेस जातो, पण वास आणि चव जात नाहीत. असा पाक पुन्हा बाटलीत भरून गिऱ्हाइकाला देणे मला अजिबात मान्य नाही.

माझी सवय अशी आहे की मी वजनावर काम करते. बिया काढलेल्या १ किलो चांगल्या खजुरात साधारण ६५० ग्रॅम साखर असते, तिच्यातली सगळी काही निघत नाही, आणि नीट आटवलेला पाक पाऊण किलो किंवा त्याहून थोडा अधिक, म्हणजे ७५० ते ८०० ग्रॅम भरतो. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी लिहून ठेवायचे आणि आटवताना पातेले दोनदा-तीनदा काट्यावर ठेवायचे. किलोभर खजुराचा पाक १ किलो १०० ग्रॅम भरला, तर तो कितीही जाड दिसो, त्यात पाणी आहे. दुसरी खूण तापमापकाची आहे. पाक उकळत्या पाण्यापेक्षा ८ ते ९ अंश वर उकळू लागला की तो तयार होत आला असे समजावे. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळते आणि मुंबईत १०० अंशांना, म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा आपल्या स्वयंपाकघरातल्या उकळत्या पाण्याचे तापमान एकदा मोजून घ्यावे.

ब्रिक्समापक घेणार असाल तर ० ते ३२ चा घेऊ नका. तो रसासाठी असतो. पाकासाठी मधाचा मापक लागतो. थेंब गार केल्याशिवाय काचेवर ठेवू नये.

भरतानाही एक घोटाळा होतो. पाक कोमट झाल्यावर भरला आणि लगेच झाकण लावले, तर वाफेचे थेंब झाकणाच्या आतून पाकाच्या पृष्ठभागावर पडतात, तेवढाच थर पातळ होतो आणि आंबणे तिथूनच सुरू होते. पाक ८५ अंशांच्या वर असताना कोरड्या, गरम बाटलीत भरावा, झाकण लावून बाटली काही मिनिटे उलटी ठेवावी.

रस काढतानाची घाई

खजूर खळाखळा उकळू नये. जास्त उष्णतेने पेक्टिन अधिक उतरते, रस गढूळ होतो आणि मलमलीतून गळेनासा होतो. मग लोक पुरचुंडी पिळतात आणि चोथ्याचा गर पाकात येतो. ६० ते ७० अंशांच्या पाण्यात तासभर झाकून ठेवावे, हलक्या हाताने कुस्करावे आणि गाळणी टांगून ठेवून आपण दुसऱ्या कामाला लागावे. कारखान्यांत यासाठी पेक्टिन तोडणारी एन्झाइमे वापरतात. घरी आपल्याकडे वेळ हेच साधन आहे. बहारीनच्या प्राचीन किल्ल्यात, कलात अल-बहारीन येथे, आणि कतारमधल्या अल-झुबारा या जुन्या शहराच्या अवशेषांत खजुराचा रस गोळा करण्याच्या खोल्या सापडल्या आहेत. त्यांना मदबसा म्हणतात. जमिनीत समांतर पन्हळी काढलेल्या असत, वर खजुराच्या गोण्यांची थप्पी रचली जाई आणि वरच्या गोण्यांचा भार व खोलीतली उष्णता यांनी पाझरणारा दिब्स, म्हणजे खजुराचा पाक, पन्हळींतून वाहत भांड्यात जमा होई. त्याला ना आच लागे, ना पाणी. आपल्याला पाणी घालावे लागते, म्हणून ते नंतर आटवण्याचे कष्ट येतात. त्या लोकांनी आठवडे थांबून मिळवलेली गोष्ट आपण एका दुपारी मागत असतो, हे प्रत्येक नवख्याने ध्यानात ठेवावे.

जून-जुलैत बाजारात पिवळी आणि लाल ताजी खारेक येते. ती कच्छची असते. तिथे फळ झाडावर पूर्ण पिकायच्या आत पावसाळा गाठतो, म्हणून ते करकरीत असतानाच उतरवतात. कच्छी खारेकेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. खायला ती उत्तम, पण पाकासाठी घेऊ नये. त्या अवस्थेत फळात विरघळणारे टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, शिल्लक असते आणि आटवताना ते दाट होत जाऊन जीभ आखडते. माझ्या एका विद्यार्थ्याने हा पाक लोखंडी कढईत केला, ‘तेवढेच लोह मिळेल’ म्हणून. टॅनिन आणि लोह एकत्र आले की शाईसारखा काळा रंग धरतो, आणि तसाच तो धरला. पाकासाठी स्टीलचे जाड बुडाचे पातेले घ्यावे, आणि फळ इराकी झाहिदी जातीसारखे घ्यावे, जे स्वस्तही असते आणि पूर्ण पिकलेलेही.

प्रत्येक खजूर फोडून पाहा. आतल्या पोकळीत काळी बुरशी किंवा अळी असते ती बाहेरून दिसत नाही.

पाकात लिंबू घातले असेल तर तो गरम दुधात ओतू नका. दूध फाटेल.

‘खजूर घ्या, रक्त वाढेल’

ही चूक स्वयंपाकघरातली नाही आणि तिचे नुकसान ६० बाटल्यांपेक्षा कितीतरी मोठे आहे. माझ्या नात्यातल्या एका मुलीचे हिमोग्लोबिन ७.८ आले होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्यांनी पोट बिघडले, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी गोळ्या थांबवून रोज रात्री दुधातून खारकेची पूड आणि चमचाभर खजुराचा पाक सुरू केला. चार महिन्यांनी तपासले तेव्हा आकडा ७.४ होता. जिने चढताना तिला मधल्या पायरीवर थांबावे लागत होते. मी ते पाहिले तेव्हापासून या विषयावर वर्गात गप्प बसत नाही.

हिशेब साधा आहे. १०० ग्रॅम खजुरात लोह साधारण १ मिलिग्रॅम असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम आहे. म्हणजे दहा-बारा खजूर खाऊन गरजेचा जेमतेम तिसावा भाग भरतो, आणि वनस्पतिजन्य लोह शरीरात उतरते तेही थोडेच. ते दुधातून घेतले तर दुधातले कॅल्शियम त्या थोड्यालाही अडवते. खजूर आणि खारीक खावीच. डिंकाच्या लाडवात तिची जागा पक्की आहे, तिच्यात पोटॅशियम आहे, तंतू आहेत, पटकन मिळणारी ताकद आहे. पण ती लोहाच्या गोळीच्या जागी देऊ नये. गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांकडून ती बदलून घ्यावी.

याच जातीचा दुसरा दावा म्हणजे मधुमेहींसाठी खजुराचा पाक. हा दावा करणारे लोक अख्ख्या खजुराच्या अभ्यासाकडे बोट दाखवतात. संयुक्त अरब अमिरातीत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच जातींच्या खजुरांचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने वाढवतो त्याचे माप, निरोगी व्यक्तींमध्ये ४६ ते ५५ च्या दरम्यान आला, हे खरे आहे. पण तो मोजमापातल्या, अख्ख्या, चावून खाल्लेल्या फळाचा निर्देशांक आहे. पाक करताना फळातला बहुतेक तंतुभाग आपण स्वतःच्या हातांनी चोथ्यात टाकून दिलेला असतो. उरतो तो साखरेचा दाट द्राव, आणि जागतिक आरोग्य संघटना अशा पाकातल्या साखरेला मध आणि फळांच्या रसाप्रमाणे मुक्त साखरेतच, म्हणजे कमी खावी अशा साखरेत, धरते. विकणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने मनाई आहे. चोथा फेकू नका. तो वाळवून थालीपिठाच्या भाजणीत किंवा बिस्किटांत घाला. ज्या तंतूंसाठी खजूर नावाजला जातो ते तिथे आहेत.

बाळंतपणाबद्दलही असेच होते. जॉर्डनमधल्या २०११ च्या अभ्यासात गर्भवतींनी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वी चार आठवडे रोज ६ खजूर खाल्ले होते आणि त्यांची प्रसूती तुलनेने सुकर झाल्याचे आढळले. सहभागी स्त्रिया थोड्या होत्या आणि त्यांनी खाल्ले ते फळ होते. त्यावरून अर्काची बाटली सातव्या महिन्यापासून देणे, आणि तीही गर्भावस्थेतला मधुमेह असलेल्या स्त्रीला, हे निव्वळ धोक्याचे आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे खजुराबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे.

आयुर्वेदात खजुराचा जो प्रसिद्ध कल्प (औषधी कृती) आहे, तो खर्जूरादि मंथ, मद्यपानाच्या विकारांसाठी सांगितलेला आहे. खजूर, मनुका, कोकम, चिंच, डाळिंब, फालसा आणि आवळा ठेचून चौपट थंड पाण्यात घुसळायचे. मंथ म्हणजे घुसळलेले. लोक तो उकळून टिकाऊ सरबत करतात आणि नाव मात्र तेच ठेवतात. तो थंड पाण्यातच करावा आणि त्याच दिवशी संपवावा.

बियांची पूड

खजुराच्या बीमध्ये अंकुरासाठीची शिदोरी पिठाच्या रूपात नसून पेशींच्या जाड भिंतींत मॅनन या कठीण कर्बोदकाच्या रूपात साठवलेली असते, म्हणून ती लाकडासारखी कठीण असते. मिक्सरमध्ये कच्ची बी टाकणाऱ्यांची दोन भांडी माझ्या डोळ्यांसमोर फुटली आहेत. बिया धुऊन त्यांच्यावरचा पातळ पापुद्रा चोळून काढावा, चार दिवस उन्हात वाळवाव्यात आणि मंद आचेवर इतक्या भाजाव्यात की एक फोडून पाहिली तर ती आतपर्यंत तपकिरी दिसेल. मग लोखंडी खलबत्त्यात तुकडे करून कांडपावर द्याव्यात. कांडपात आदल्या दिवशीची मिरची असतेच, तेव्हा आधी दोन मुठी तांदूळ कांडून ते बाजूला काढावेत. काळ्याकुट्ट होईपर्यंत भाजणाऱ्यांना कॉफीचा रंग मिळतो, पण चव जळकी लागते.

या पुडीच्या पेयात कॅफीन नसते, हा तिचा खरा आणि पुरेसा गुण आहे. बीमध्ये जातीप्रमाणे ५ ते १३ टक्के तेल असते, त्यामुळे दळलेली पूड उन्हाळ्यात लवकर खवट होते. मी एका वेळी १०० ग्रॅमच दळून आणते, काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवते आणि उरलेल्या भाजलेल्या बिया अख्ख्याच राहू देते.