नाळेवरची पट्टी मोडायची थांबली
'एचएमएस व्हिक्टरी' या ब्रिटिश युद्धनौकेच्या लाकडी मॉडेल-किटचं काम नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापाशी, अडलं होतं. १७६५ साली चॅटमला पाण्यात उतरलेल्या या जहाजाचं तोंड चांगलंच गोलसर. तिथे दीड मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी वळवली की कट्कन मोडायची. खरा उपाय भिजवण्यापेक्षा कानशीत निघाला. सांगाड्याच्या पुढच्या फासळ्यांच्या (ज्यांवर पट्ट्या बसतात) कडा वळणाप्रमाणे तिरक्या घासल्या, की पट्टी एका धारेवर न टेकता सपाट बसते. मग पट्टीचं टोक निमुळतं केलं (निम्म्याहून अरुंद मात्र नको, टाचणीनं चिरतं), ती गरम पाण्यात ठेवली आणि टाचण्यांनी नुसती अडकवली. रात्रभर वाळू दिली, कारण ओलं लाकूड सुकताना आक्रसतं आणि फटी पडतात. गोंद सकाळी. डावी-उजवी बाजू आळीपाळीनं घ्या, नाहीतर सांगाड्याचा कणाच पिळतो.