आर्द्रा लागल्या, आता भाजी मुंबईत आणायची तर आधी टायरची हवा बघा

गेल्या श्रावणात जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याची मेथी माझ्या डोळ्यांदेखत गेली. माळशेज उतरून मुरबाडच्या पुढे मागचा टायर फुटला, रात्रीचा पाऊस, गाडी वाशीला पोचली सकाळी दहाला, तोवर बाजार उठत आलेला. जुड्यांच्या ढिगात हात घातला तर आत गरम वाफ, पानं चिकट झालेली. अर्धा माल तिथेच टाकून द्यावा लागला. फवारणी वेळेवर, खत वेळेवर, काढणी पण व्यवस्थित, आणि गेलं कशात तर हवेत! महिनाभर हवा मोजायचा गेज लावलाच नव्हता म्हणाला. दरवर्षी पावसाळ्यात अशा गाड्या बघतोय म्हणून या वेळी सल्ल्यात टायर आधी, बाकी सगळं नंतर.

पावसात हवा कमी का होते ते समजून घ्या. टायरमधली हवा पंक्चर नसताना पण महिन्याला साधारण 1 पीएसआय (गेजवर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) मुरते. वर गारठा. 5-6 डिग्री तापमान उतरलं की अजून 1 पीएसआय जातो. मे महिन्यात नाशिकला 39 डिग्रीत हवा भरलीत आणि आता 28 वर आलंय, म्हणजे काही न करता 2 गेले, मुरलेली धरून 3 धरा. घाटात रात्री अजून थंड. टायर डोळ्याला ठीकच दिसतो आणि लाथ मारून तर काहीच कळत नाही, त्यामुळे लाथ मारून चेक करणं बंद करा.

खर्चाचं बोलायचं तर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशोब आहे, सगळ्या टायरांत 1 पीएसआय कमी झाला की मायलेज साधारण 0.2 टक्के उतरतं. हा छोट्या गाड्यांचा आकडा आहे, पिकअपला थोडा इकडे तिकडे होईल. पण महिन्याला 20 हजाराचं डिझेल जाळणाऱ्याच्या गाडीत 10 पीएसआय कमी असेल तर 400 रुपये नुसते रस्त्यावर सांडतात. आणि डिझेल हा त्यातला लहान भाग, मोठा खड्डा टायरचा, कारण कमी हवेत टायरच्या दोन्ही कडा घासतात, बाजू सारखी वाकून तापते, आणि वरून टनभर ओला पाला. मग पाण्याखालचा एक खड्डा बसला की रिम वाकते नाहीतर बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर घाटात न्यायचा नाही म्हणजे नाही. कमी हवेचा टायर पाणी पण नीट कापत नाही, गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी जाते आणि ब्रेक लागत नाही.

किती भरायची? ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये आकडा असतो, पुढचा वेगळा मागचा वेगळा, बऱ्याच गाड्यांना रिकामी आणि भरलेली असे पण वेगळे. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा असतो, तो बघून भरू नका, बरेच जण हीच चूक करतात. गाडी 3 तास उभी असताना थंड टायरवर मोजा. तापलेल्या टायरवर 4-6 जास्त दाखवतं, ते बघून हवा सोडायची नाही.

कायद्याने टायरची नक्षी 1.6 मिलीमीटरपर्यंत चालते. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात 3 च्या खाली गेलेला टायर कसारा-माळशेजला नेऊ नये, पंचक्रोशीत वापरा. अजून एक माझी सवय, पुस्तकात मिळणार नाही. 20-25 किलोमीटरवर चहाला थांबलो की चारही टायरला तळहात लावतो. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला की हवा कमी किंवा ब्रेक धरलाय, तिथेच बघून घ्यायचं.

आता दुकानदार. टायरवाला नायट्रोजन भरा म्हणतो, टायरमागे पैसे घेतो. अहो साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो, भाजीच्या गाडीला त्याची काही गरज नाही. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे, मागून घ्या. मायलेज वाढवते म्हणून डिझेलमध्ये घालायची बाटली देतात, ती घेऊ नका. त्या पैशात स्वतःचा गेज घ्या, पाचशेच्या आत येतो, कारण पंपावरचा गेज खरंच बरोबर असतो असं नाही. आणि हवा भरायच्या व्हॉल्वचं टोपण लावा, दोन रुपयांची वस्तू आहे पण चिखल आत जाऊन तिथूनच हवा झिरपते. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात.

पालघर-वसईकडे ट्रॅक्टरवाल्यांसाठी. ओल्या शेतात हवा कमी लागते, चाक जास्त जमीन धरतं, माती कमी दाबली जाते, डिझेल वाचतं. पण तोच ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यावर निघाला की रस्त्याचा आकडा भरायचा, नाहीतर टायरवरचे उंच गुट्टे घासून जातात. शेतातला ठसा मागे वळून बघा, नक्षी दिसते पण मधली माती जराशी सरकलीय तर बरोबर, सगळाच पुसलाय तर चाक नुसतं फिरतंय आणि डिझेल जळतंय.

या पंधरवड्याची बाकी कामं:
- भात रोपं 21 ते 25 दिवसांची झाली की लावणी, एका चुडात (एका जागी) 2-3 रोपं
- बांध बांधून घेणे, वेलभाज्यांचे मांडव ताणणे
- पालेभाजीच्या वाफ्यातून पाणी काढून देणे
- पालेभाजी संध्याकाळी उशिरा काढणे, पाणी निथळवूनच भरणे, ढीग उंच न करणे
- पाऊस उघडल्याशिवाय फवारणी नको

गोराई-मनोरीच्या मंडळींनो, तुमचा छोटा हत्ती दादरला जवळच जातो म्हणून सोडून देऊ नका, जवळच्या गाड्यांना सहा सहा महिने गेज लागत नाही हे मी बघितलंय.

आणि स्टेपनी. त्या जुन्नरच्या दादांनी फुटलेला टायर काढला, स्टेपनी लावली, तर ती पण बसलेली. वेळ सगळा त्यातच गेला, रात्री दोन वाजता हवा भरायला कोण उघडं असणार. आज गाडीखाली वाका आणि तिची हवा मोजा, पट्टीवरच्या मोठ्या आकड्याइतकी भरून ठेवा.