कॅक्टसची शोभेची थाळी: या चुका टाळा

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याचा उन्हाळा पाहता, पारा ४५ अंशांना टेकणाऱ्या या मुलखात कॅक्टस आपोआप जगतील असा समज होणे साहजिक आहे. प्रत्यक्षात घरी केलेल्या थाळीतली, म्हणजे एकाच पसरट भांड्यात एकत्र लावलेली रोपे उन्हापेक्षा मुळाशी साचलेल्या ओलाव्याने अधिक दगावतात, आणि त्याची सुरुवात भांडे व माती निवडतानाच झालेली असते.

शेतातली काळी माती

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. कपाशीला मानवणारी ही माती पाणी धरून ठेवते, ओली असताना फुगते, वाळली की तडकते आणि तडकताना बारीक मुळे तोडते. त्याऐवजी धुऊन चाळलेली जाड वाळू दोन भाग, विटेचे वाटाण्याएवढे तुकडे एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग असे मिश्रण करावे. त्यात थोडा कोळशाचा चुरा आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळल्यास उत्तम. पिठासारखी बारीक वाळू मात्र उपयोगाची नाही, कारण ती मातीच्या कणांमध्ये बसून मिश्रण आणखी घट्ट करते. तयार मिश्रण ओले करून मुठीत दाबावे. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर वाळू आणि विटेचे तुकडे वाढवावेत.

छिद्र नसलेले भांडे

चिनी मातीच्या बंद भांड्यात तळाला खडे पसरले की काम भागते, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या मोकळ्या खड्यांत सहजी उतरत नाही, ते त्यांच्या वरच अडून राहते. परिणामी ओला थर मुळांच्या अधिकच जवळ येतो. भांड्याला छिद्र पाडून घ्यावे, किंवा छिद्र असलेले मातीचे पसरट भांडे वापरावे, जे कडेनेही ओलावा सोडते. मला तरी शोभेलाही तेच बरे वाटते.

जोडी जमवताना

दिसायला छान म्हणून हॅवर्थिया हे मांसल पानांचे छोटे रोप आणि गोल्डन बॅरल हा सोनेरी काट्यांचा गोल कॅक्टस एकाच थाळीत लावले जातात. हॅवर्थियाला सौम्य उजेड पुरतो, गोल्डन बॅरलला भरपूर ऊन हवे असते. एकाची सोय पाहताना दुसऱ्याचे हाल होतात. नर्सरीतला लाल किंवा पिवळ्या टोपीचा कॅक्टस हे कलम असते. वरच्या रंगीत गोळ्यात पुरेसे हरितद्रव्य नसल्यामुळे तो खालच्या हिरव्या खोडाच्या जिवावर जगतो, म्हणून कलमाचा जोड मातीत गाडू नये आणि त्याला दुपारचे ऊन लावू नये. रोपे लावल्यावर लगेच पाणी देण्याचा मोह आवरावा, कारण लावताना तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकायला आठवडाभर लागतो.

पाणी आणि ऊन

वरून पसरलेले पांढरे गोटे छान दिसतात, पण खालची माती ओली की कोरडी हे त्यांच्यामुळे कळत नाही. उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसून काढावी. ती कोरडी निघाली तरच पाणी द्यावे. पावसाळ्यात थाळी पत्र्याच्या किंवा छपराच्या आडोशाला, पण मोकळ्या हवेत ठेवावी, कारण झडीच्या दिवसांत ती वाळतच नाही. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा महिन्याला एखादे पाणीही पुरते.

शेडनेटखाली वाढलेले रोप एप्रिल-मे महिन्यांत थेट गच्चीवर ठेवल्यास त्याची साल पांढुरकी होऊन करपते आणि तो डाग कायमचा राहतो. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर ५० टक्के शेडनेट ही सोय पुरेशी आहे.

लक्षणे ओळखताना

बुंधा मऊ व तपकिरी झाला असेल तर ती कूज आहे. निरोगी भाग लागेपर्यंत स्वच्छ सुरीने कापत जावे, काप सावलीत आठवडाभर सुकवावा आणि मगच तो तुकडा कोरड्या वाळूत लावावा. शेंडा बारीक व फिका होऊन खिडकीकडे झुकत असेल तर उजेड कमी पडतो आहे. काट्यांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले आणि काडीने उचलले जाऊन चिकट लागले, तर ते पिठ्या ढेकूण असतात. कपाशी पिकवणाऱ्यांना हा ओळखीचा शत्रू आहे. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने ते पुसावेत, रोप थाळीतून काढून मुळेही तपासावीत आणि बाकीच्या रोपांपासून काही आठवडे वेगळे ठेवावे.