एचएसआरपी बसवायला जाताय? काचेवरचा स्टिकर लावूनच या

माझ्या गाडीला मी एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवली तेव्हा पुढे-मागे चकचकीत प्लेटा बघून इतका खूश झालो की तिसरी गोष्ट, काचेवरचा स्टिकर, विसरलो, आता बाबांच्या गाडीची पाळी आहे म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हे तुमच्यासाठी. त्यानंतरच्या गाड्यांना प्लेट शोरूममधूनच लागून येते.

बुकिंग ऑनलाइन. त्यासाठी परिवहन विभागाच्याच साइटवर जा, गुगलवर वर येणाऱ्या पहिल्याच लिंकवर पैसे भरू नका, खोट्या साइट ढिगाने आहेत. आरसी हातात घेऊनच बसा, चॅसी आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे मागतात. आठवणीतून टाकायला जाल तर चुकणारच. दर टू-व्हीलरला ४५०, रिक्षाला ५००, कारला ७४५, वर जीएसटी. घरी बोलवलंत तर जास्तीचे लागतात.

आता स्टिकर. चारचाकीला दोन प्लेटा आणि एक स्टिकर, असे मिळून तीन नग असतात. टू-व्हीलरवाल्यांनी हा भाग सोडून द्या, काचच नाही तर चिकटवणार कुठे. हा स्टिकर पुढच्या काचेला आतून, वर डावीकडे, म्हणजे क्लीनर साइडला लागतो. पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला केशरी. त्यावर गाडीचा नंबर, इंजिन-चॅसी नंबर आणि प्लेटांवर लेझरने कोरलेले नंबर असतात, आपल्या आरसीशी आणि प्लेटांशी तिथल्या तिथे ताडून बघा.

माझं काय झालं, फिटरने पावतीबरोबर स्टिकरचं पाकीट दिलं, मी ते न उघडता डॅशबोर्डच्या खणात टाकलं. आठवड्याने उघडलं, घाईत स्वतःच लावला, तिरका बसला, म्हणून नखाने उचलायला गेलो तर चिंध्या! तो बनवलेलाच तसा असतो, काढायला गेलं की फाटतो, म्हणजे एकाचा काढून दुसऱ्याच्या गाडीला लावता येऊ नये. मग परत अर्ज, परत पैसे, परत वाट बघणं. म्हणून सांगतो, स्टिकर तिथेच, फिटरकडूनच, तुमच्या डोळ्यांदेखत लावून घ्या. 'घरी लावा हो साहेब' म्हणाला तरी हलू नका.

आदल्या दिवशी त्या कोपऱ्याची आतली काच पुसा. तिथे स्वामींचा फोटो किंवा सोसायटीच्या पार्किंगचा स्टिकर असेल तर आधी काढा, नाहीतर फिटर दिसेल त्या मोकळ्या जागी चिकटवून मोकळा होतो. फास्टॅग मधे आरशाच्या मागे असतो, त्याला धक्का नको. आणि हो, पुढे कधी काच फुटून बदलली तर स्टिकरही गेला, नवीन मागवावा लागतो, गॅरेजवाला हे सांगत नाही.

त्या दिवशी न्यायचं: पावती, आरसी, गाडी (हसू नका, एक जण नुसताच आला होता). प्लेट स्नॅप लॉकने बसते, स्क्रू मारायला लागला तर थांबवा. स्नॅप लॉक एकदा बसलं की न तोडता निघत नाही आणि तोच त्याचा उपयोग. वरून फॅन्सी फ्रेम नको. डाव्या कोपऱ्यात निळं अशोकचक्र आणि खाली लेझर नंबर दिसतोय ना बघा.

जुन्या प्लेटा तिथेच मोडायला द्या. फोटो काढा. पावती ठेवा.

आणि निघताना ड्रायव्हर सीटवर बसून डावीकडे वर बघा. स्टिकर दिसला? मगच किल्ली फिरवा.