शेजारचे दार उघडले नाही तर : दोष कोणाचा आणि वेळीच काय करावे

एकटे राहणारे म्हातारे माणूस घरातच दगावते आणि ते चार दिवसांनी कळते, किंवा वर्षानुवर्षे मार खाणाऱ्या सुनेचे शेवटी भलतेच होऊन बसते, तेव्हा गल्लीत पहिला प्रश्न निघतो तो असा की शेजाऱ्यापाजाऱ्यांना काहीच कसे कळले नाही. खान्देशात कितीतरी घरांतली मुले पुण्याला किंवा सुरतेला कामाला आहेत आणि मागे फक्त आईवडील उरले आहेत, त्यामुळे हा प्रश्न कोणत्याही गल्लीत येऊ शकतो. जे मुळात दिसलेच नाही, मुद्दाम झाकून ठेवले गेले, त्याचा दोष शेजाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. मात्र जे दिसले, खटकले, ज्यावर ओट्यावर बसून चर्चाही झाली, ते काही करू शकणाऱ्या माणसापर्यंत कोणीच नेले नसेल, तर त्या दोषात गल्लीचा वाटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी लक्ष कशावर ठेवावे ते पाहू. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, दुपारी बारा ते पाच गल्ली ओस पडते, खिडक्या लावलेल्या असतात आणि कूलरच्या आवाजात पलीकडच्या घरातली हाक ऐकू येत नाही. अशा दिवसांत ‘येता-जाता दिसतीलच’ यावर विसंबून राहता येत नाही. आपल्याकडे अनेक गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि पाण्याचा दिवस हा माणसांची हजेरी घेण्याचा सर्वांत भरवशाचा दिवस आहे, कारण त्या दिवशी आजारी माणूससुद्धा दारात येतो किंवा कोणाला तरी हाक मारतो. पाणी सुटले, सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या आणि एकाच घराची नळी खिळ्याला गुंडाळलेली तशीच लटकत असेल, तर आपली टाकी भरण्याची वाट न पाहता लगेच ते दार वाजवावे. दारातच पडून राहिलेली दुधाची पिशवी, भर दुपारी जळणारा ओट्यावरचा दिवा, दोरीवर दोन दिवस तसेच राहिलेले कपडे, या खुणाही तितक्याच बोलक्या असतात.

सुनेच्या बाबतीत खुणा वेगळ्या असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या साऱ्या सासुरवाशिणी माहेरी जातात, पण एकीचाच मुराळी, म्हणजे तिला न्यायला आलेला माहेरचा माणूस, दरवर्षी रिकाम्या हाताने परत जातो. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला सगळी भाऊबंदकी जमते, पण तीच तेवढी बाहेर येत नाही. ऐन उन्हाळ्यात ती डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून वावरते. यातली एखादी गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या तर मात्र गप्प बसू नये.

बंद घराचे दार वाजवायला एकट्याने जाऊ नये. सोबत आणखी एक शेजारी, शक्यतो एखादी बाई, असावी. रोजच्या नात्याने मोठ्याने हाक मारावी, ‘नानी, घरमा शे का?’ असे विचारून थोडे थांबावे, मग फोन लावावा आणि आत वाजणारी रिंग ऐकू येते का ते पाहावे. गॅसचा वास येत असेल तर विजेची बेल किंवा कोणतेही बटण दाबू नये. उत्तर आले नाही तर मुलाला किंवा मुलीला फोन करावा, आणि त्यांचाही काही संपर्क झाला नसेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. आतून कण्हण्याचा आवाज येत असेल तर पोलिसांची वाट पाहत बसू नये. दार तोडावे आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. म्हातारी माणसे हयात आहेत पण त्यांचे हाल होत आहेत, असे असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

मारझोडीचा आवाज येत असेल तर त्याच क्षणी विरजण मागायच्या निमित्ताने दार वाजवावे. २००८ साली सुरू झालेल्या ‘बेल बजाओ’ मोहिमेचे सांगणे हेच होते, आणि ते खरे आहे, कारण बाहेर कोणी ऐकते आहे हे कळले की वर उचललेला हात पुष्कळदा थांबतो. नवऱ्याला तिथेच जाब विचारू नये, कारण त्याचा राग नंतर तिच्यावरच निघतो. तिला पिठाच्या गिरणीत किंवा पाण्यावर एकटी गाठून विचारावे, १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तोंडपाठ करून द्यावा, आणि तिने लगेच ‘हो’ म्हटले नाही म्हणून विचारणे सोडून देऊ नये. ‘उद्या आपल्यावरच केस झाली तर’ ही भीती बऱ्याच जणांना अडवते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार असा हिंसाचार होत असल्याचे सकारण वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

मुलांच्या बाबतीत कायदा याहून पुढे जातो. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इथे ‘आपल्याला काय करायचे’ म्हणण्याची सोयच उरलेली नाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

तरीही भरल्या गल्लीत सगळ्यांना माहीत असून कोणीच उठत नाही, असे का होते? १९६८ साली डार्ली आणि लटाने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगळ्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचा आवाज फक्त आपणच ऐकतो आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के लोकांनी तो आवाज थांबण्याआधी मदत मागितली. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हेच प्रमाण ३१ टक्के होते. म्हणून ‘आपण सगळे लक्ष ठेवू’ असे ठरवण्याला माझ्या मते काही अर्थ नाही. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक घरामागे एका माणसाचे नाव ठरवावे, त्या घरच्या मुलांचे फोन क्रमांक आणि जमल्यास जादा किल्ली त्याच्याकडे असावी, आणि तो लग्नाला बाहेरगावी जाणार असेल तर त्याने ते काम दुसऱ्यावर नाव घेऊन सोपवावे.

इतके करूनही विपरीत घडले तर पोलीस पंचनाम्यासाठी येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे अशा मृत्यूच्या चौकशीला परिसरातले किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी हजर लागतात. म्हणजे कायदा शेजाऱ्याला तेव्हा बोलावतोच. त्या वेळी मागे सरकू नये, काय पाहिले, काय ऐकले, ते दिवसवार सांगावे आणि गल्लीची बदनामी होईल म्हणून काही दडवू नये. मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्या पोरांना तिथेच थांबवावे. निरोप व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये, ते घर ज्याच्याकडे सोपवले होते त्याने सुरतेला किंवा पुण्याला स्वतः फोन करावा. मुलगा आधी हेच विचारेल की शेवटचे कधी दिसले होते. ते सांगायला गल्लीला लाज वाटली तरी उत्तर खरे द्यावे.