विशेषण की क्रियाविशेषण? मुलांना शिकवताना या चुका टाळा

धरमपेठेत माझ्याकडे संध्याकाळी पाचवी-सहावीची मुलं मराठीला बसतात. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री बाजारात आली, तेव्हा फळ्यावर एक वाक्य लिहिलं: ‘संत्री आंबट निघाली.’ बहुतेकांनी ‘आंबट’खाली क्रियाविशेषण लिहिलं. का, तर शब्द क्रियापदाच्या अगदी आधी आहे!

ही सवय आपणच लावतो. नामाआधी विशेषण, क्रियापदाआधी क्रियाविशेषण, असं सांगून मोकळे होतो. विशेषण नामानंतरही येतं, त्याला विधिविशेषण म्हणतात. ‘मुलगी हुशार आहे’ यातलं ‘हुशार’ मुलीबद्दलच सांगतं.

दुसरी चूक जास्त नडते: ‘कसा, कशी, कसे विचारून बघ.’ ‘ती कशी आहे?’ हुशार. ‘ती कशी गाते?’ गोड. प्रश्न तोच, उत्तरं दोन जातींची. मुलं गोंधळणारच.

त्यापेक्षा क्रियापदाला ‘णं’ लावून बघायला सांगा. ‘ती गोड गाते’: गाणं गोड. जमलं, म्हणजे क्रियाविशेषण. ‘संत्री आंबट निघाली’ला हेच लावलं, तर एक मुलगी लगेच म्हणाली, “निघणं आंबट? असं कोणी म्हणते का, मॅडम?” मग आंबट काय? संत्री. तिनं स्वतःच खोडून विशेषण लिहिलं. त्या दिवशी मी व्याख्या सांगितलीच नाही, गरजच पडली नाही.

‘विशेषण बदलतं, क्रियाविशेषण बदलत नाही’ हा नियमही सरसकट देऊ नका. ‘हळू’, ‘पटकन’, ‘काल’ बदलत नाहीत, ती अव्ययं आहेत. पण ‘तो चांगला खेळतो’, ‘ती चांगली खेळते’ इथं शब्द बदलतो, तरी तो खेळण्याबद्दलच सांगतो. खेळणं चांगलं. पुस्तकात ‘क्रियाविशेषण अव्यय’ हे एकच नाव वाचलेली हुशार मुलं नेमकी इथं अडतात आणि चूक आपलीच समजतात. त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

शब्दांच्या याद्या पाठ करून घेणं बंदच करा. ‘भरपूर पोहे’ आणि ‘भरपूर खाल्लं’ यांत शब्द एक, काम वेगळं.

‘फार गोड संत्री’ मात्र पहिल्या आठवड्यात देऊ नका. इथं ‘फार’ हे ‘गोड’बद्दल सांगतं, ‘णं’ लावायला क्रियापदच नाही. ‘गाणं गोड’ मुलांच्या जिभेवर बसलं की मगच हे वाक्य फळ्यावर घ्या.