गणपतीला गाडीनं घाट उतरणार असाल तर ब्रेक ऑइलची तयारी आत्तापासून

आम्ही कराडला राहतो आणि सासर गुहागरकडं, त्यामुळं दरवर्षी गणपतीला पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण हा रस्ता ठरलेला. सामानाची यादी सासूबाई करतात, गाडीची मी करते. त्यातलं ब्रेक ऑइलचं पान मी सगळ्यात आधी उघडते, कारण तीन वर्षांपूर्वी ह्याच घाटात मी गाडी चालवत असताना ब्रेक पॅडल एकदम मऊ लागलं आणि खाली जायला लागलं. मागं सासूबाई आणि पोरं, पुढं वळण, पाऊस चालू. दुसऱ्या गिअरवर आणून, पॅडल भराभर पंप करत आणि हँडब्रेक हळूहळू ओढत एका रुंद जागेला गाडी थांबवली. अर्धा तास थांबल्यावर पॅडल परत आधीसारखं कडक, जणू काही झालंच नाही! चिपळूणला गॅरेजमध्ये बघितलं तर ब्रेक ऑइलच्या डब्यातलं ऑइल चहासारखं काळपट झालेलं, आणि चारच दिवस आधी सर्व्हिसिंगला त्यात "टॉप-अप केलंय ताई" म्हणून सांगितलं होतं. नवीन थोडंसं वर ओतलेलं, खाली सगळं जुनंच. तेव्हापासून टॉप-अप झालं म्हणजे ब्रेकचं काम झालं असं मी मानत नाही.

तर साधारण पंधरा-वीस दिवस आधी पहिलं काम म्हणजे नुसतं बघणं, ओतायचं काहीच नाही. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन थंड असू द्या, बोनेट उघडा, ड्रायव्हरच्या बाजूला मागं एक पांढरट प्लास्टिकचा डबा असतो, त्यावर मॅक्स आणि मिनच्या रेघा असतात. झाकण न उघडता बाहेरूनच लेव्हल दिसते, डबा मळला असेल तर फडक्यानं पुसा, हवं तर मोबाईलचा टॉर्च मागून धरा. लेव्हल मॅक्सच्या जरा खाली असेल तर घाबरायचं कारण नाही. ब्रेक पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागं भरायला डब्यातलं ऑइल खाली जातं, हे नॉर्मल आहे. म्हणूनच लेव्हल कमी दिसली की आधी पॅड किती उरलेत ते बघा. पॅड झिजलेले असताना डबा मॅक्सपर्यंत भरला आणि नंतर नवीन पॅड टाकले की पिस्टन आत ढकलताना तेच ऑइल वर येऊन डब्यातून सांडतं, आणि हे ऑइल रंगावर पडलं की रंग सोलून निघतो. सांडलंच तर नुसतं पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, पाण्यात ते विरघळून जातं.

पॅड चांगले आहेत आणि तरी लेव्हल महिन्याभरात खाली गेली असेल तर ते कुठून तरी गळतंय, ह्याला दुसरा अर्थ नाही, कारण ही बंद सिस्टीम आहे आणि पेट्रोलसारखं ऑइल त्यात जळत नाही. पावसाळ्यात गळती शोधणं अवघड, सगळंच ओलं असतं. त्यामुळं मी रात्री गाडी छपराखाली लावून चारी चाकांजवळ पुठ्ठे टाकून ठेवते आणि सकाळी डाग बघते. मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असेल आणि त्यातला व्हील सिलिंडर (ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) गळत असेल तर टायरच्या आतल्या बाजूला ओघळ दिसतो, बोटाला गुळगुळीत लागतो, पाण्यासारखा नाही. सगळ्यात फसवी गळती मास्टर सिलिंडरच्या (डब्याखालचा, पॅडलचा दाब ऑइलला देणारा सिलिंडर) मागच्या सीलची, तिथलं ऑइल जमिनीवर पडतच नाही, त्याच्यामागच्या ब्रेक बूस्टरच्या (पायाचा जोर वाढवणारा गोल डबा) आत जातं. दोन्हीच्या जोडाखाली बोट फिरवून बघा आणि बूस्टरचा रंग तिथं फुगलाय का ते बघा. आणि ज्या गाड्यांना हायड्रॉलिक क्लच आहे त्यातल्या बऱ्याच गाड्यांत क्लचचा पाइप ह्याच डब्यातून निघतो, म्हणजे चोर क्लचच्या बाजूलाही असू शकतो.

आता ऑइल कुठलं आणायचं. आपण सगळे ब्रेक ऑइल म्हणतो, मीही म्हणते, पण ते तेल नाही हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण ह्या नावामुळंच कुणीतरी स्टिअरिंगचं नाहीतर इंजिनचं ऑइल त्यात ओततं. तसलं थोडं जरी गेलं तरी आतले रबरी सील फुगतात आणि मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सगळे सील आणि रबरी होज बदलायला लागतात. त्याच कारणानं ब्रेकचे आतले पार्ट रॉकेल-पेट्रोलनं धुऊ द्यायचे नाहीत. डब्याच्या झाकणावरच ऑइलचा ग्रेड, डॉट ३ की डॉट ४, ते लिहिलेलं असतं, तेच आणायचं. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, उलटं करू नका. डॉट ५ आणि डॉट ५.१ ह्या नावांनी गोंधळ होतो, ५.१ हे ३ आणि ४ च्याच जातीचं आहे, पण नुसतं ५ म्हणजे सिलिकॉन, ते आपल्या ऑइलमध्ये अजिबात मिसळायचं नाही.

बाटली सीलबंदच घ्या आणि छोटीच घ्या. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली माळ्यावर असेल तर ती वापरू नका, झाकण घट्ट असलं तरी नाही, एवढं माझं ऐकाच. हे ऑइल हवेतलं बाष्प ओढून घेतं, आणि कोकणातली पावसाळी हवा म्हणजे काय ते सांगायला नको. होजच्या रबरातून आणि झाकणाच्या बारीक भोकातूनही थोडं थोडं बाष्प आत जातच असतं. नवीन कोरडं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी झालं की ती हद्द १५५ वर येते. डॉट ३ ची २०५ वरून १४०. घाटात सतत ब्रेक दाबून उतरलं की डिस्क तापते, तिची उष्णता कॅलिपरमध्ये जाते, आतलं ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. थंड झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि पॅडल कडक. आमच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं, आणि म्हणूनच गावात चालवून बघताना हा दोष सापडत नाही.

त्यामुळं दोन वर्षं झाली असतील, किंवा शेवटचं कधी बदललं ते आठवतच नसेल, तर टॉप-अप विसरा आणि जाण्याच्या आठ-दहा दिवस आधी अख्खं ऑइल बदलून घ्या. शेवटच्या दोन दिवसांत नको, काही राहिलं तर सुधारायला वेळ पाहिजे. गॅरेजमध्ये केलंत तर समोर उभं राहा आणि चारी चाकांच्या निपलमधून (ब्रेकवरचं ऑइल काढायचं बारीक तोंड) जुनं काढतायत का ते बघा, डब्यातलं इंजेक्शननं ओढून नवीन भरलं म्हणजे बदललं असं होत नाही. आम्ही घरी करतो, ह्यांनी आत बसून पॅडल दाबायचं आणि मी खाली. निपलला बसणारा रिंग पाना, पारदर्शक नळी, एक बाटली आणि तिच्या तळाला थोडं नवीन ऑइल म्हणजे हवा उलटी जात नाही. गाडीला जॅकवर नुसतं ठेवून खाली हात घालायचा नाही, स्टँड लावायचेच आणि चाकांना दगड. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, त्यामुळं मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक म्हणजे मागचं डावं, बहुतेक गाड्यांत तिथून सुरुवात, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. "अहो, दाबा आणि धरून ठेवा", मग निपल उघडायचा, काळं ऑइल येऊ द्यायचं, निपल बंद, आणि मगच "सोडा". निपल उघडा असताना पॅडल सोडलं तर हवा आत. जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे पॅडल पार तळाला जात नाही आणि मास्टर सिलिंडरचे सील गंजलेल्या भागावर घासत नाहीत. मध्ये मध्ये डब्यात भरत राहा, डबा रिकामा झाला आणि हवा एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) युनिटमध्ये शिरली तर बऱ्याच गाड्यांत ती काढायला स्कॅनर लावावा लागतो. निघालेलं ऑइल विषारी असतं, बाटलीवर लिहून पोरांपासून लांब ठेवा आणि गॅरेजला द्या, गटारात नको.

बाईक घेऊन येणाऱ्यांसाठी, आमचे भावोजी येतात तसे, थोडक्यात सांगते. हँडल सरळ करून डब्याच्या काचेत लेव्हल बघा, टाकीवर ओलं फडकं टाका, आजूबाजूची माती पुसून मगच झाकणाचे दोन स्क्रू काढा, आणि झाकण उघडं असताना लिव्हर दाबू नका, ऑइल डोळ्यात उडतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी लेव्हल परत बघायची, मॅक्सच्या वर नाही आणि आठ दिवसांत खाली गेलेली नाही. सकाळी इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल दाबा, दाबून धरा आणि स्टार्टर मारा, पॅडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. मग अर्धा मिनिट तसंच दाबून धरा. हळूहळू खालीच जात राहिलं तर मास्टर सिलिंडर गेलाय, बाहेर थेंब दिसत नसला तरी, आणि ती गाडी त्या दिवशी न्यायची नाही. सुरुवातीलाच मऊ आणि दोन-तीनदा दाबल्यावर कडक होत असेल तर बहुतेक आत हवा राहिलीय. हँडब्रेक खाली करूनही डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा राहिला, किंवा फक्त वळणावर लुकलुकला, तरी लेव्हल बघा, वळणावर ऑइल एका बाजूला जातं आणि कमी असेल तर दिवा तिथंच सांगतो.

घाट लागायच्या आधी हेळवाकला चहाला थांबलो की मी निघताना पॅडल एकदा जोरात दाबून बघते, गाडी तिथूनच दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ठेवते आणि ब्रेक थोडा दाबून सोडत सोडत घाटाखालच्या पोफळीपर्यंत उतरते.